दापोलीचा मास्तर आणि पलटणीचा मास्तर

दापोली तालुक्याने जितके मास्तर महाराष्ट्राला दिले, तितके दुसऱ्या एखाद्या तालुक्याने क्वचितच दिले असतील. चिखलगावचे गंगाधरपंत टिळक रत्नागिरीत शिक्षक होते. १८६६ साली शाळाखात्यात बढती मिळून ते पुण्याला गेले, तेव्हा त्यांचा बाळ, म्हणजे पुढचे लोकमान्य, दहा वर्षांचा होता. मुरुडचे धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. त्यांच्या शेजारच्या मुर्डीचे रँग्लर परांजपे त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १९२१ साली मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री. पालगडचे साने गुरुजी शिकवायला गेले थेट अमळनेरला; मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे ‘गुरुजी’ म्हटलं की आजही त्यांचीच मूर्ती उभी राहते.

या यादीत आणखी एक नाव बसायला हवं, पण सहसा कुणी बसवत नाही. आंबडवे गावचे रामजी मालोजी सकपाळ, डॉ. आंबेडकरांचे वडील. आंबडवे आज मंडणगड तालुक्यात आहे, पण डॉ. आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत घराण्याचा मूळ ठिकाणा सांगताना रत्नागिरी जिल्ह्याचा दापोली तालुका असाच सांगितला आहे. रामजी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कुलात शिकून तयार झालेले शिक्षक. लष्करी शाळेचे ते चौदा वर्षं मुख्याध्यापक होते, आणि सुभेदार-मेजर म्हणून निवृत्त झाले. गंगाधरपंत आणि रामजी, एकाच मुलखातले हे दोन शिक्षक. दोघांचेही मुलगे पुढे देशाच्या इतिहासात गेले. फरक एवढाच की गंगाधरपंतांना जिल्ह्याच्या सरकारी शाळेत खुर्ची होती. रामजींना मिळालेली खुर्ची पलटणीच्या शाळेतली होती.

हा फरक एका माणसाच्या नशिबाचा होता की व्यवस्थेचा, हे तपासायला कागद पुरेसे आहेत. ते एका ठिकाणी नाहीत, आणि एकही कागद या प्रश्नासाठी लिहिलेला नाही. कुठे शाळाखात्याचा तक्ता, कुठे आयोगापुढचं निवेदन, कुठे निवृत्त शिपायांचा अर्ज, कुठे आत्मचरित्रातलं एखादं पान. ते शेजारी शेजारी ठेवून वाचले, तर अस्पृश्य मुलांना शिकवायला त्यांच्यातला शिक्षक का नव्हता, याचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट मिळतं.

आधी शिक्षक होण्याचा रस्ता कसा होता ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकणातल्या मुलाला मास्तरकी किंवा कारकुनी हवी असेल, तर मराठी शाळेच्या वरच्या इयत्ता संपवून ‘पब्लिक सर्व्हिस’ची परीक्षा द्यावी लागे. कर्व्यांनी ‘आत्मवृत्ता’त या परीक्षेची हकिगत सांगितली आहे, ती सगळ्यांना ठाऊक आहे. १८७५ साली मुरुडहून निघून, कुंभार्ली घाट चढून, शंभरावर मैल पायी तुडवत ते साताऱ्याला पोहोचले, आणि तिथल्या समितीने ‘हा सतरा वर्षांचा दिसत नाही’ म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन ते पास झाले. ही गोष्ट चिकाटीचा धडा म्हणून पाठ्यपुस्तकी थाटात सांगितली जाते. इथे ती दुसऱ्या कारणासाठी उपयोगी आहे. गावात चांगली शाळा, जीव लावून शिकवणारे सोमणांसारखे गुरुजी आणि घरात अक्षरओळख असलेल्या ब्राह्मण मुलालाही हा दरवाजा इतका जड होता. ज्याला मुळात शाळेच्या आतच बसू देत नव्हते, तो या दरवाजापर्यंत येणार कसा?

किती जण आले, याचा आकडा आहे. डॉ. आंबेडकरांनी २९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला जे निवेदन दिलं, त्यात १८८१-८२ सालचे इलाख्याचे तक्ते उतरून घेतले आहेत. प्राथमिक शाळांत त्या वर्षी ब्राह्मण मुलं ६३,०७१. खालच्या मानलेल्या हिंदू जातींची मुलं २,८६२. शेकडा एकसुद्धा नाही. माध्यमिक शाळांच्या खालच्या वर्गांत हा आकडा येतो १७ वर. त्यापुढे कॉलेजच्या रकान्यात शून्य.

हे सबंध मुंबई इलाख्याचे आकडे, म्हणजे सिंधपासून कारवारापर्यंतचे. एकट्या रत्नागिरीचे नव्हेत. पण रत्नागिरीची कल्पना यायला ते पुरे आहेत. अख्ख्या इलाख्यात सतरा मुलं प्राथमिकच्या पुढे जात असतील, तर त्यांतून जिल्ह्याजिल्ह्याला पुरतील इतके परीक्षा पास झालेले, ट्रेनिंग झालेले मास्तर निघतील, ही अपेक्षाच खुळेपणाची. शाळाखात्यातले साहेब लोक पुढे कित्येक वर्षं ‘या जातींतून लायक उमेदवार मिळत नाहीत’ असा सूर लावत राहिले. तो सूर खोटा नव्हता. उमेदवार का मिळत नाहीत, हे मात्र त्यांच्याच खात्याच्या तक्त्यात लिहिलेलं होतं.

मग रामजी सकपाळ कुठून आले?

ते आले पलटणीतून. कंपनीच्या आणि नंतर राणीच्या मुंबई लष्करात महारांची भरती मोठ्या प्रमाणावर होत असे, आणि त्यातही रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा मोठा. लष्करात शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं होतं. हे शिक्षण द्यायला शिक्षक लागत, ते तयार करायला पुण्याला नॉर्मल स्कूल होतं. तिथे शिकणाऱ्याची जात कुठली, यापेक्षा तो पलटणीचा आहे का, हे पाहिलं जाई. रामजींचे वडील मालोजी लष्करात, सासरे मुरबाडकर सुभेदार-मेजर. दोन्ही घरं लिहिती-वाचती. शाळाखात्याच्या तक्त्यात जी जात टक्क्याच्याही खाली दिसते, तिच्यातलीच काही घरं पलटणीच्या शाळेमुळे दोन पिढ्या साक्षर झाली होती. जिल्ह्याच्या शाळेने जे काम केलं नाही, ते छावणीच्या शाळेने केलं. इंग्रजांनी हे काही समाजसुधारणेसाठी केलं नव्हतं. हुकूम वाचता येणारा शिपाई त्यांना हवा होता. हेतू कसाही असो, महार शिक्षक तयार करणारा कारखाना इलाख्यात जर कुठे होता, तर तो हाच.

या कारखान्यातून बाहेर पडलेली माणसं निवृत्तीनंतर कुठे जात? त्यांतली बरीच दापोलीला. ‘कॅम्प दापोली’ हे नाव गावाला उगीच पडलेलं नाही. फौज हलली तरी पेन्शनरांची वस्ती राहिली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली लष्करातून निवृत्त झाले आणि दापोलीतूनच त्यांनी काम सुरू केलं. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसक’ लिहिलं. अस्पृश्यतेला शास्त्राधार काय, असे सवाल त्यात धर्मपंडितांना केलेले आहेत. ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ ही त्यांची संस्था. ‘दीनबंधू’त ते लिहीत. रामजी सकपाळही १८९४ च्या सुमारास निवृत्त होऊन बिऱ्हाड घेऊन दापोलीला आले.

चित्र डोळ्यांपुढे आणा. पेन्शन खाणारे, मराठी लिहिणारे-वाचणारे महार सुभेदार, जमादार, हवालदार दापोलीत राहताहेत. त्यांतल्या काहींनी पलटणीत वर्ग चालवलेले. गावात नगरपालिकेची शाळा आहे. या माणसांची मुलं त्या शाळेत जाऊ शकत नाहीत.

१८९२ साली दापोलीतल्या महार पेन्शनरांनी अर्ज केला की आमच्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्या. अर्ज लिहिण्याची शिस्त त्यांना लष्कराने शिकवलेली होती. नोकरीचा तपशील, सरकारशी असलेली निष्ठा आणि सरकारी तत्त्वाची आठवण करून देऊन मग मागणी, अशी त्या काळच्या पेन्शनरी अर्जांची धाटणी असे. अर्ज वरपर्यंत गेला, गावात खळबळ झाली, आणि दोन-एक वर्षांच्या ओढाताणीतून जो तोडगा निघाला तो असा: मुलं शाळेत येतील, पण बसतील बाहेर, ओटीवर.

या ओटीवर बरंच लिहिलं गेलं आहे. फिलिप कॉन्स्टेबल या इतिहासकाराने याच काळातल्या अस्पृश्यांच्या शैक्षणिक लढ्यावर जो प्रबंधवजा लेख लिहिला, त्याच्या नावातच शाळेची ओटी आहे. त्यातून जे दिसतं ते महत्त्वाचं आहे. सरकारने जातीवरून प्रवेश न नाकारण्याचं तत्त्व सोडलं नाही, गावाने विटाळ सोडला नाही, आणि दोघांच्या मधली जी जागा उरली ती मुलाच्या वाट्याला आली. मला मात्र या प्रकरणात न झालेल्या एका गोष्टीचं जास्त नवल वाटतं. गावात शिकवण्याचा अनुभव असलेली महार माणसं होती, पेन्शन मिळत असल्यामुळे थोड्या पगारावरही ती उभी राहिली असती, शिवाय त्यांची मुलं शिक्षणाला आसुसलेली. यांतल्या एखाद्याला शाळेत मास्तर नेमावं, हा विचार या प्रकरणाच्या ज्या हकिगती आपल्यापर्यंत आल्या त्यांत कुठल्याच बाजूने मांडलेला दिसत नाही. भांडण मुलाने कुठे बसायचं यावरच झालं. जिथे मुलालाच उंबऱ्याच्या आत घ्यायला गाव तयार नव्हतं, तिथे खुर्चीचा विषय कोण काढणार, हे उत्तर खरं आहे. तरी त्याने नवल कमी होत नाही.

याच वर्षांत आणखी एक दरवाजा बंद झाला. ‘लढवय्या जाती’ नावाचं एक नवं शास्त्र इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी मनाशी पक्कं केलं आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची लष्करभरती थांबवली. वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे निवेदन पाठवलं, त्यातही लष्कर आणि पोलीस खात्यातल्या नोकऱ्यांचीच मागणी आहे. भरतीबंदीकडे आपण नेहमी रोजगाराचा आणि मानाचा प्रश्न म्हणून पाहतो. ती शिक्षणाचीही बंदी होती. पलटण गेली तशी पलटणीची शाळा गेली, आणि तिच्याबरोबर नॉर्मल स्कूलही गेलं. रामजी हे त्या कारखान्याच्या शेवटच्या मालापैकी एक. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. पंचवीस वर्षांची तूट त्या चार वर्षांत भरून निघणारी नव्हती.

रामजींचं पुढे काय झालं ते त्यांच्या मुलाने लिहून ठेवलं आहे. दापोलीत कायमचं राहायचा बेत होता, तो बदलला, आणि कुटुंब साताऱ्याला गेलं. चौदा वर्षं मुख्याध्यापक असलेला हा माणूस नंतर गोरेगावला रोखपाल म्हणून नोकरी करत होता. खटाव भागात दुष्काळी कामावर पैसे वाटायचे, हिशेब ठेवायचा. त्या भागात तेव्हा शिक्षकांचा सुकाळ होता असं नाही. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. ते पान जपलेलं आहे, आणि त्या तारखेला आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस पाळतात. त्या वर्गात बसायला गोणपाट घरून न्यावं लागे आणि शिपाई हजर नसला तर पाणी मिळत नसे, हे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’त आहे. म्हणजे शाळेत मुलगा गोणपाटावर आणि घरात बाप निवृत्त मुख्याध्यापक. इलाख्याच्या शिक्षणव्यवस्थेवर याहून कडक शेरा मारता येणार नाही.

आता थोडं मागे जाऊ, कारण शिक्षक कोण असावा हा प्रश्न दापोलीच्या अर्जाआधी दहा वर्षं एकाने स्वच्छ विचारला होता. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी शिक्षणविषयक हंटर आयोगाला निवेदन दिलं. प्राथमिक शाळांतले शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत, बरेचसे अप्रशिक्षित आहेत आणि त्यांचा पगार क्वचित दहा रुपयांच्या वर जातो, असं निदान त्यांनी केलं. उपाय सांगितला तो असा: शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातूनच तयार करावेत, म्हणजे ते मुलांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील, धर्मसमजुतीमुळे फटकून राहणाऱ्या मास्तराला ते जमत नाही. पगार किमान बारा रुपये, मोठ्या गावात पंधरा-वीस. वर गावचे हिशेब तपासणं, दस्त नोंदवणं, टपाल, स्टँपविक्री अशी कामं त्याला द्यावीत, म्हणजे गावात त्याचं वजन वाढेल. हा शेवटचा मुद्दा फार बारकाईचा आहे. बहुजन शिक्षक नुसता नेमून भागत नाही, त्याला गावात टिकवावा लागतो, हे जोतीरावांना कळलं होतं. महार-मांगांच्या मुलांबद्दल त्यांनी वेगळं लिहिलं: खेड्यांत त्यांना शाळा बंदच, खास शाळा आहेत त्या मोठ्या गावी, पुण्यासारख्या ठिकाणी पाच हजार महार-मांगांमागे एक शाळा आणि तिच्यात तीस मुलंही नाहीत.

हंटर आयोगाने यातलं काय घेतलं? खालच्या जातींसाठी अहवालात दोन शिफारशी आहेत. जातीमुळे कुणाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारू नये, या जुन्या तत्त्वाचा पुनरुच्चार करावा आणि ते सावधपणे अमलात आणावं, ही पहिली. मुलं पुरेशी असतील तिथे खास शाळा काढायला उत्तेजन द्यावं, ही दुसरी. बस्स. त्याच अहवालात मुसलमानांच्या शिक्षणासाठी सतरा शिफारशी आहेत, आणि त्यांत मुसलमान शिक्षकांसाठी नॉर्मल स्कूल किंवा वर्ग काढावेत, मुसलमान शिक्षक मिळवण्याचा प्रयत्न व्हावा, मुसलमान तपासनीस अधिक नेमावेत, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे मुलांना आपल्यातला शिक्षक मिळाल्याने फरक पडतो, ही कल्पना आयोगाला परकी नव्हती. एका समाजासाठी ती त्याने कागदावर उतरवली, दुसऱ्यासाठी नाही. आंबेडकरांनी १९२८ च्या निवेदनात नेमकी हीच तुलना केली आणि मुसलमानांना लावलेल्या शिफारशी आता दलित वर्गांनाही लावा अशी मागणी केली. मधे सेहेचाळीस वर्षं गेली होती.

या सेहेचाळीस वर्षांत खास शाळांत शिकवत कोण होतं? १८८१-८२ साली इलाख्यात सरकारी हिशेबाने अशा शाळा होत्या सोळा, मुलं ५६४. तिथे सवर्ण शिक्षक जायला नाखूश, गेला तर मुलाला न शिवता शिकवणार. बडोद्याला सयाजीरावांनी अंत्यज शाळा काढल्या तेव्हा हिंदू शिक्षक मिळेनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे पंजाबातून आर्यसमाजी पंडित आत्माराम यांना बोलावलं. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनने वेगळाच मार्ग काढला: ख्रिस्ती झालेल्या महार-मांगांनाच नॉर्मल स्कुलात शिकवून खेड्यांवर मास्तर म्हणून पाठवलं. गावकऱ्यांच्या नजरेत तो महारच, पण त्याच्या पाठीशी मिशन उभं. रत्नागिरीत मिशनचं काम होतं, दापोलीला तर मिशनची इंग्रजी शाळा चांगली नावाजलेली, साने गुरुजीही तिथलेच. पण नगरसारखं खेडोपाडीचं जाळं कोकणात झालं नाही. इथल्या महारांसमोर पलटण हाच मार्ग होता, आणि तो बंद झाला होता.

विसाव्या शतकात तत्त्वं वाढली. १९२३ साली सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे आणि शाळा खुल्या झाल्या, कागदावर. त्याच साली प्राथमिक शिक्षण कायदा आला. शिक्षणमंत्री म्हणून तो घडवला दापोलीच्याच परांजप्यांनी. सक्तीच्या शिक्षणाचं पाऊल म्हणून त्याचं कौतुक होतं आणि ते रास्तही आहे. पण त्याने प्राथमिक शाळांचा कारभार सरकारकडून स्थानिक स्कूल बोर्डांकडे दिला, आणि बोर्डांत बसले गावातले वजनदार लोक. बहिष्कृत हितकारिणी सभेचा या हस्तांतरालाच विरोध होता. मुंबईत बसलेल्या साहेबाला अर्ज तरी करता येत होता. शाळेची ओटी दाखवणाऱ्या शेजाऱ्याच्याच हाती नेमणुका गेल्यावर अर्ज करायचा कुणाकडे? परांजपे स्वतः कट्टर बुद्धिवादी, जातपात न मानणारे. कायद्याचा परिणाम कायदा करणाऱ्याच्या स्वभावावर ठरत नाही, एवढंच.

रत्नागिरी शहरात १९२४ पासून सावरकर स्थानबद्ध होते. शाळांत अस्पृश्य मुलांना सरमिसळ बसवावं म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, शाळाशाळांचे अहवाल मागवले, वृत्तपत्रांत लिहिलं. बऱ्याच शाळांत मुलं आत आली, हे त्या चळवळीचं श्रेय. पण तिचाही सगळा भर बैठकीवर होता. १८९२ च्या पेन्शनरांपासून १९३१ च्या, सर्व जातींना खुल्या पतितपावन मंदिरापर्यंत जिल्ह्यातला वाद मुलाच्या आणि भक्ताच्या जागेपुरता राहिला. फळ्यापुढे उभा राहणारा कोण असेल हे त्या वादात आलंच नाही.

तरीही काही महार शिक्षक झाले. उर्मिला पवार यांचं ‘आयदान’ हे आत्मचरित्र २००३ साली आलं; त्यांचा जन्म १९४५ चा, रत्नागिरी तालुक्यातला. त्यांचे वडील शिक्षक होते. मुलांनी शिकावं म्हणून त्यांनी बिऱ्हाड गावातून रत्नागिरीला आणलं. लेखिका लहान असतानाच ते गेले, आणि आईने बांबूची आयदानं विणून घर चालवलं. या पुस्तकात शाळेतला एक प्रसंग आहे: गुरुजींनी मुलीला शेण काढायला लावलं, मारलं, आणि आई जाब विचारायला उभी राहिली. शिक्षकाची मुलगी, आणि शिक्षकाच्या हातून ही वागणूक, तीही स्वातंत्र्यानंतर, राज्यघटना लागू झाल्यावर. आत्मचरित्र हा पुरावा म्हणून जपून वापरायचा ऐवज आहे हे मान्य. पण शाळाखात्याचा कुठलाही तक्ता ही गोष्ट सांगू शकणार नाही.

हे सगळं वाचताना अमेरिकेची आठवण येणं स्वाभाविक आहे. जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती तिथल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांनाच. तिथल्या काळ्या मुलांनाही आज आपल्यातले शिक्षक कमी पडतात: २०२०-२१ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे सार्वजनिक शाळांत काळे विद्यार्थी शेकडा १५ च्या आसपास आणि काळे शिक्षक शेकडा ६. पण ही तूट वेगळ्या वाटेने आली. तिथे वेगळ्या शाळांबरोबर वेगळी नॉर्मल स्कुलं आणि कॉलेजंही होती. १९५४ साली सुमारे ८२,००० काळे शिक्षक वीस लाख काळ्या मुलांना शिकवत होते. त्या वर्षी ‘ब्राऊन’ खटल्यात वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या. मुलं गोऱ्या शाळांत गेली, आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत दक्षिणेतल्या व सीमेवरच्या राज्यांत अडतीस हजारांवर काळे शिक्षक आणि मुख्याध्यापक नोकरीतून गेले. ज्या टोपीका गावातून हा खटला निघाला, तिथल्या शाळाधिकाऱ्याचं मार्च १९५३ चं पत्र उपलब्ध आहे. एका काळ्या शिक्षिकेला त्याने कळवलं की पुढच्या वर्षी नोकरी देता येणार नाही, कारण वेगळ्या शाळा रद्द झाल्या तर आपल्या गोऱ्या मुलांना काळ्या शिक्षकांनी शिकवावं असं गावातल्या बहुतेकांना वाटणार नाही, असं बोर्ड गृहीत धरून चाललं आहे. निकाल लागायच्या आधीच हे पत्र गेलं होतं.

तिकडे होते ते शिक्षक घालवले. कोकणात ते घडूच दिले नाहीत. आणि दोन्हीकडे दिसतं ते एकच: मूल आत घेणं समाजाला शेवटी परवडतं, पण त्या मुलाच्या बापाने वरच्यांच्या मुलांना शिकवणं परवडत नाही. ओटीवरचं मूल ही दया दाखवण्याची जागा होते. खुर्चीवरचा मास्तर छडी हातात घेतो, पास-नापास ठरवतो, आणि त्याला नमस्कार करावा लागतो. तिकडच्या अलीकडच्या संशोधनात असं आढळलं आहे की प्राथमिकच्या सुरुवातीच्या वर्षांत एक तरी काळा शिक्षक लाभलेली काळी मुलं पुढे कॉलेजात जाण्याचं प्रमाण तेरा टक्क्यांनी जास्त असतं. फुल्यांनी आकड्यांशिवाय हेच म्हटलं होतं.

स्वातंत्र्यानंतर आरक्षण आलं, राखीव जागांचा क्रम ठरवणारी बिंदुनामावली आली, आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत दलित शिक्षक दिसू लागले. १८८२ चा तक्ता आज कुणी समोर धरून तुलना केली तर बदल प्रचंड आहे. आज रत्नागिरीत एकूणच शिक्षक कमी पडतात, परजिल्ह्यातले आंतरजिल्हा बदलीने जातात, एकशिक्षकी शाळा वाढतात. या गोंधळात राखीव जागा किती भरल्या आणि किती नुसत्या कागदावर पुढे ढकलल्या, हे प्रत्येक जिल्हा परिषदेच्या बिंदुनामावलीत लिहिलेलं असतं. ती माहितीच्या अधिकारात कुणालाही मागता येते.

आणि एक विनंती. दापोली, मंडणगड, खेड, रत्नागिरीतल्या ज्या घरांत आजा-पणजा पलटणीत होता, ज्या घरात कुणी लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होतं, त्यांच्या ट्रंकांत पेन्शनचे कागद, नॉर्मल स्कुलाचे दाखले, सर्व्हिस बुकं असण्याचा संभव मोठा आहे. बरीच घरं मुंबईला गेली, गावची घरं पडायला आली. शाळा शंभरी पार करून पटसंख्येअभावी बंद होताहेत आणि त्यांची जनरल रजिस्टरं, शेरेबुकं रद्दीत निघताहेत. सरकारी कागदांवरून जे सांगता आलं ते वर सांगितलं. पुढचं यांत आहे. ते कागद टाकू नका. निदान त्यांचे फोटो काढून ठेवा आणि जवळच्या ग्रंथालयाला किंवा इतिहास शिकवणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाला कळवा.